चंद्रावरचा कोंबडा

मास्तर, शोकसभेत तुम्हाला मनमिळाऊ म्हणाले. कर्तव्यदक्ष म्हणाले. तिसरा उठला तो मितभाषी म्हणाला, तेव्हा मला हसू फुटलं आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बघू देत. जव्हार, मोखाडा, सूर्यमाळ या एका रस्त्यावर पंधरा वर्षं मी लाल गाडी चालवली आणि तुम्ही तोंड चालवलं. त्यांना काय माहीत.

मग मला उठवलं. म्हणाले, तुम्ही त्यांचे ड्रायव्हर, जोडीदार, दोन शब्द बोला. मी म्हणालो, "मास्तर भांडखोर होते आणि मला तसेच हवे होते." एवढं बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, याला दुःखानं सुचत नाहीये. सुचत होतं सगळं. पण जे सांगायचं ते तुम्हाला सांगायचं होतं आणि तुम्ही समोर फोटोत बसला होता हार घालून, तोही टोपी काढलेला फोटो. टोपीशिवाय तुम्ही ओळखूही येत नाही. म्हणून आता लिहितोय.

गाडीवर तुमच्या जागी नवीन बाई आल्या आहेत. चांगल्या आहेत. घंटी वेळेवर मारतात, हिशोब चोख, माझ्याशी आदराने बोलतात. कंडक्टरला मास्तर म्हणायची आपली रीत, म्हणून पहिल्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "चला मास्तर," आणि त्या "हो" म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. त्यांचा काय दोष, पण आला.

ती म्हातारी आठवते? सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरची, नागलीचं बोचकं घेऊन मोखाड्याला उतरायची ती. तिने तिकिटाची चिल्लर तुमच्या हातावर ठेवली आणि तुम्ही त्यातलं एक नाणं उलटंपालटं करत तिथंच उभे राहिलात. मी आरशात बघत होतो. घाटाच्या वळणावर तुम्ही दांड्याला न धरता उभे होता, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय.

"आजी, हे चालायचं नाही."

"का नाय चालायचं? राणीछाप हाये. या अंगाला राणी, त्या अंगाला कोंबडा."

"कुठून आणलं?"

"पोराने दिलं. तो ठाण्याला हाटेलात भांडी घासतो. कुनी गोरा सायेब टेबलावर ठेवून गेला."

तिकिटाचे पैसे तुम्ही तुमच्या खिशातले टाकलेत आणि ते नाणं खाकी शर्टाच्या आतल्या खिशात गेलं. मोखाडा स्टँडला चहा पिताना तुम्ही ते माझ्यापुढे धरलंत. कडेने धरलंत, दोन बोटांत. तेव्हा मला वाटलं होतं, गरम आहे की काय.

"पोशेरकर, हा कोंबडा नाही. गरुड आहे. पायात फांदी बघा. खाली खड्डे खड्डे दिसतात तो चंद्र. त्यांची माणसं चंद्रावर उतरली त्याची ही आठवण. आणि वर कोपऱ्यात बारकी गोळी आहे ना, ती आपली पृथ्वी."

"त्यात मोखाडा कुठंय?"

"मागच्या बाजूला."

तिथंच गप्प बसलो असतो तर पंधरा वर्षं वाचली असती. पण मी म्हणालो, "चंद्रावर कुणी गेलंबिलं नाही मास्तर. स्टुडिओत केलंय सगळं. झेंडा फडकतोय त्यांचा फोटोत. तिथं वारा नाही म्हणतात, मग झेंडा फडकतो कसा?"

तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवलात. "नाण्यावर सरकार खोटं काढेल?"

"आपल्या नाण्यावर सिंह आहेत. दाखवा मला मोखाड्याच्या रानात सिंह."

जव्हार येईपर्यंत तुम्ही घंटी अशी मारत होता की पोशेऱ्याला उतरणारे लोक दचकून उठत होते.

तिथून तुमचा नाद सुरू झाला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तुम्ही पुठ्ठ्याचे कप्पे केलेत. रशियाचं एक आलं, डोक्यावर गोल टोप घातलेला माणूस, अंतराळात गेलेला पहिला. मग तिकडचीच एक बाई आली. कुठल्या देशाचं ते मला आता आठवत नाही, पण एकावर कुत्री होती, आणि ती परत आली नाही हे सांगताना तुम्ही डब्याचं झाकण लावून टाकलंत. रजेच्या दिवशी नाशिकच्या जुन्या बाजारात जायचा, कुणाकुणाला पत्रं लिहायचा, एकाचं देऊन दुसरं घ्यायचा. वाटीसारखं आत वळलेलं एक नाणं निघालं होतं, चंद्रावर पाऊल पडल्याची पन्नास वर्षं झाली म्हणून. त्याचं चित्र कापून तुम्ही तिकिटाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतंत. ते मिळालं नाही. त्याची हळहळ मला तुमच्यापेक्षा जास्त होती, पण तुम्हाला कळू दिली नाही.

आणि किती ते सोवळं. नाणं पुसायचं नाही, घासायचं नाही, बोटाचा ठसा उमटू द्यायचा नाही. लक्ष्मीपूजनाला वहिनींनी रशियाच्या त्या बाईला चिंच आणि राख लावून लख्ख केलं, तर तुम्ही फराळाला हात लावला नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, पूजेत काळं नाणं ठेवू का मी?" मी म्हणालो, बरोबर आहे तुमचं. तुमच्यासमोर म्हणालो. कुणी तुम्हाला चंद्रयानाचा चांदीचा तुकडा दिला तर तोही तुम्ही त्या डब्यात ठेवला नाहीत. म्हणालात, "याच्यावर किंमत कुठंय? हा बिल्ला झाला. बिल्ला तर माझ्या छातीवर पण आहे." मला तुमचा हा ताठा आवडायचा. तोंडावर मी त्याला माज म्हणायचो.

रस्त्यावर तुमचं नाव पडलं ते मात्र कोंबडा मास्तर. त्या म्हातारीने कोंबडा म्हटलं ना, ते पाड्यापाड्याला गेलं. आश्रमशाळेच्या मुली गाडीत चढल्या की "मास्तर, कोंबडा दाखवा." तुम्ही दर वेळी, न चुकता, "गरुड." त्या हसायच्या आणि परत, "कोंबडा." तुम्ही चिडायचा आणि चिडत चिडत दाखवायचाच, आणि पाच मिनिटांनी त्या सगळ्या गप्प होऊन खड्डे मोजत असायच्या. हे मी आरशात किती वेळा पाहिलंय. आरसा मागच्या गाड्या बघायला असतो, पण माझं अर्धं लक्ष तुमच्यावर असायचं.

तो गॉगलवाला आठवतो का? त्याची मोटार घाटात बंद पडली म्हणून आपल्या गाडीत बसला होता. मुलींना तुम्ही नाणं दाखवताना बघून म्हणाला, "पाड्यावर प्यायला पाणी नाही आणि कंडक्टरला चंद्राचे डोहाळे." दोघंतिघं हसले. तुम्ही मशिनमधून त्याचं तिकीट फाडलंत, त्याच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "साहेब, माझी आई उन्हाळ्यात डोंगर उतरून झऱ्यावर जायची. पहाटे निघायची, चंद्राच्या उजेडात. पाणी नाही म्हणून वर बघायचं नाही, असा कायदा आहे का?" तो खिडकीबाहेर बघत बसला. मी गाडी जरा हळू केली. त्या दिवशी मला वाटलं होतं, मान्य करून टाकावं, जा मास्तर, गेली होती माणसं. नाही केलं.

आपलं यान उतरलं त्या संध्याकाळीसुद्धा नाही. गाडी मोखाडा स्टँडला भरलेली, वेळ झालेली, आणि तुम्ही घंटी मारेनात. एका मोबाईलभोवती चाळीस डोकी. कुणाच्या पिशवीतली कोथिंबीर कुणाच्या डोळ्यात जात होती, पण कुणी हललं नाही. उतरलं तशी सगळी गाडी ओरडली आणि तुम्ही गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आलात. तुमचे डोळे भरले होते.

"आता?" तुम्ही म्हणालात.

"यान उतरलं. माणूस कुठाय?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की दुसरा कुणी असता तर स्टिअरिंग सोडून पळाला असता. मग डबल बेल. डेपोत उशिराचं कारण विचारलं, तर तुम्ही सरळ सांगितलंत, "चंद्र." मी शेजारी उभा होतो. मी म्हणालो, "हो, चंद्र." तेवढी साथ मी तुम्हाला कायम दिली, हे विसरू नका.

आणि तो ओरखडा. त्याची माफी मी कधी मागितली नाही, आता मागतो. तुम्ही खाली उतरला होता, नाणं डॅशबोर्डवर राहिलं होतं, आणि मी चांगल्या मनाने काच पुसायच्या फडक्याने ते पुसलं. फडक्यात वाळू होती. पृथ्वीच्या गोळीपासून गरुडाच्या पंखापर्यंत सरळ रेघ उठली. तुम्ही पाहिलंत आणि काहीच बोलला नाहीत. शिव्या घातल्या असत्यात तर मला रात्री जेवण गेलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात मुलींना दाखवताना तुम्ही म्हणत होता, "हा रस्ता बघा. पृथ्वीवरून चंद्रावर. आपल्या ड्रायव्हरकाकांनी काढलाय." मी मागे वळून बघितलं नाही. घाट होता.

शेवटच्या फेरीला तुम्हाला धाप लागत होती. डेपोत उतरल्यावर तुम्ही ते नाणं कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलंत. "ठेवा तुमच्याकडे. ज्या दिवशी मान्य कराल, त्या दिवशी परत आणून द्या. कप्पा रिकामा ठेवतो." मी म्हणालो, "मग म्हातारे व्हाल वाट बघून." हे मी म्हणालो, मास्तर. माझ्या जिभेला काही हाड आहे का.

दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "आणलंय का?" ते माझ्या खिशात होतं. रोज असायचं. मी म्हणालो, "नाही." तुम्ही म्हणालात, "बरं," आणि भिंतीकडे तोंड केलंत. सुमन बाहेर व्हरांड्यात मला म्हणाली, "काका, एकदा हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? बाबांना बरं वाटलं असतं." तुमची लेक आहे ती, पंचायत समितीत दिवसभर लोकांची तोंडं बघते, तिला माणसं कळतात. पण हे तिला कळलं नाही. मी हो म्हटलं असतं तर तुम्ही ओळखलं असतं की डॉक्टर मला काय म्हणाले. पंधरा वर्षांत मी तुमच्यापुढे एकदाही नमलो नाही, आणि तिथं खाटेशी नमलो असतो, तर ती दया झाली असती. तुम्हाला ती चालली नसती. मला वाटलं, हा माणूस माझ्याशी भांडायला तरी उठेल. तुम्ही उठला नाहीत. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता चिऱ्याचं ऐका.

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड बसवतात, वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. तुमचाही बसवायचा ठरलं. मी सूर्यमाळला गेलो आणि तुमच्या थोरल्या भावाला, काशिनाथदादांना म्हणालो, चंद्राच्या जवळ हा गरुड काढा. सुमनने मोबाईलवर नाण्याचा फोटो दाखवला. दादा म्हणाले, "आपल्या बापजाद्यांच्या दगडावर असलं पाखरू नाय."

मी म्हणालो, "दादा, मास्तर कधी घोड्यावर बसले होते?"

"नाय."

"मग घोडा कसा चालतो?"

त्यावर ते बराच वेळ नागली पाखडत राहिले. शेवटी म्हणाले, "काढ तुझं पाखरू." मला वाटलं, जिंकलो. फोटो पाथरवटाच्या मोबाईलवर गेला आणि मी निर्धास्त होऊन ड्युटीवर गेलो. तिथं चुकलं. तुम्ही असता तर रोज जाऊन उभे राहिला असता त्याच्या डोक्यावर.

चिरा बसवायच्या दिवशी सकाळी पोचलो तर मोहाच्या झाडाखाली दगड उभा होता, खड्डा खणलेला, हळद-तांदूळ काढलेले. चंद्र झकास झाला होता, खड्ड्यांसकट. आणि चंद्रावर कोंबडा. सरळ सरळ कोंबडा, मास्तर. पंख गरुडाचे, नखं गरुडाची, पण डोक्यावर हा एवढा तुरा.

"हे काय?" मी म्हणालो.

"कोंबडाच ना?" पाथरवट म्हणाला. "सगळा मुलूख कोंबडा मास्तर म्हनायचा त्यांना. फोटोत तुरा दिसत नव्हता, मी नीट काढला."

दादा खूश होते. "कोंबडा बरा. कोंबडा देवाला चालतो. त्या विलायती पाखराचं मला कोडं पडलं होतं. राहू दे."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुरा काढा. दादा म्हणाले, मुहूर्त आहे. मी म्हणालो, मुहूर्त थांबेल, माझी गाडी चाळीस माणसं घेऊन थांबली होती चंद्रासाठी. लोक जमले होते, तुमचे चुलते, मोखाड्याहून जीपने आलेले पाहुणे, सगळे मला समजावायला लागले. अहो, दगडावर कोण बघतंय. अहो, पाखरूच आहे ते. एक जण म्हणाला, ड्रायव्हरला घरच्या कामात बोलायचा काय हक्क. मी त्याला म्हणालो, "हयातभर हा माणूस एकच शब्द बोलत आला. गरुड. तुम्ही हसलात, तरी रोज बोलला. तो गेला म्हणून आता तुमचं खरं? मी आहे अजून." माझा आवाज चढला होता. वहिनी रडायला लागल्या. मी तरी खड्ड्याच्या काठावरून हललो नाही.

मग दादा उठले. हळूहळू माझ्यापुढे येऊन उभे राहिले. ते तुमच्यासारखेच दिसतात, फक्त बोलत नाहीत.

"मला एक सांग," ते म्हणाले. "मानूस चांदावर गेला, असं तो सांगायचा. मी कधी त्याला हो नाय म्हनलं, नाय पन नाय म्हनलं. तू त्याच्यासंगं पंधरा वर्सं होतास. तू म्हनायचास, खोटं आहे. त्यानंच मला सांगितलंय, हसत हसत. आता तू सांग. गेला असंल तर तुरा काढतो, गरुड ठेवतो. गेला नसंल तर माझ्या भावाच्या दगडावर खोटं नको, कोंबडाच बरा."

सुमन माझ्याकडे बघत होती. पाथरवटाने छिन्नी तुऱ्याच्या मुळाशी टेकवून ठेवली होती आणि तोही माझ्याकडे बघत होता.

माझा हात खिशात गेला. नाणं होतं. कागदावरूनच बोट त्या ओरखड्याच्या जागेवरून फिरलं, पृथ्वीपासून पंखापर्यंत. मला त्या गॉगलवाल्याला दिलेलं तुमचं उत्तर आठवलं, डेपोत दिलेलं कारण आठवलं, भिंतीकडे केलेलं तोंड आठवलं. इथं दया नव्हती, मास्तर. तुम्ही ऐकायला नव्हता, मग कुणासाठी खोटं बोलणार मी. चंद्रावर कोण गेलं, कोण नाही, ते मी काही बघितलेलं नाही. पण तुम्हाला बघितलंय. पंधरा वर्षांत एका प्रवाशाला तुम्ही चुकीचं सांगितलं नाहीत.

"गेला होता," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोल."

"गेला होता. माणूस चंद्रावर गेला होता."

छिन्नीचे दोन घाव पडले. तुरा उडून हळदीच्या ताटात पडला. चोच जरा वाकवली. गरुड झाला. अगदी नाण्यातल्यासारखा नाही, त्याची शेपटी अजून कोंबड्याची आहे आणि आश्रमशाळेच्या मुली ती बरोबर ओळखतील, पण त्याला माझा इलाज नाही.

रीतीप्रमाणे चिऱ्याखाली खड्ड्यात नाणं टाकायची वेळ आली तेव्हा चुलते म्हणाले, तेच टाका त्यांच्या आवडीचं. मी म्हणालो, नाही. मातीत घातलं की हिरवं पडतं. दादांनी साधा रुपया टाकला. मी कागद उलगडला आणि गरुड सुमनच्या हातात दिला. तिने तो कडेने धरला, दोन बोटांत, कुणी न सांगता. घरात जाऊन तिने डबा उघडला. तुम्ही कप्पा खरंच रिकामा ठेवला होतात. आत चिठ्ठी होती, तुमच्या अक्षरात: "पोशेरकरांकडे आहे. येईल."

आलंय, मास्तर. परत दिलं. तुम्ही जिंकलात, आणि चाळीस लोकांसमोर मोठ्याने बोलून जिंकवलंय मी तुम्हाला. आता झालं समाधान.

पण एक सांगून ठेवतो. तो झेंडा फडकत होता, वारा नसताना. तो मुद्दा मी सोडलेला नाही. तो तसाच ठेवलाय, आपण भेटू तेव्हासाठी.